.३०३ घासून वाघाच्या शिकारीची काडतुसं? खुलासा

दसऱ्याच्या शस्त्रपूजनाच्या फोटोंबरोबर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींत एक मजकूर फिरतोय: ‘संस्थानी काळात वाघाची काडतुसं ब्रिटिश फौजेच्या .३०३ चं तोंड रुंदावून बनवत, .३१५ म्हणजे तीच. आजही टोक कानशीनं घासलं की काम झालं.’

पहिलं विधान अर्धवट, शेवटचं जिवावर बेतणारं. (.३०३, .३१५ हे आकडे म्हणजे काडतुसांची इंचांतली मापं.)

चंबळकडे सर्रास दिसणाऱ्या .३१५ चा .३०३ शी संबंध नाही. ते ऑस्ट्रियाच्या सैन्याचं मान्लिखर काडतूस, १८८८ सालच्या रायफलीचं. फौजी वंश आहे, पण दुसऱ्याच घरचा. .३०३ सामान्य नागरिकाला मिळू नये म्हणून तर इथे .३१५ रुजली. मोठ्या शिकारीच्या रायफलींबाबतही फौजी गोळ्या भलत्या हाती पडण्याची हीच भीती होती. बंडखोरांच्या हाती ब्रिटिश फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली, त्यांची गोळी .४५०, म्हणून १९०७ मध्ये सरकारनं .४५० च्या शिकारी रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. मग विलायती बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी मापं पुढे आणली. म्हणजे धडपड फौजी मापापासून दूर जाण्याची होती!

आता ते घासणं. फौजी गोळीचं धातूचं कवच सहसा बुडाशी उघडं असतं. टोकही उघडलं, तर आतलं शिसं सुटून जातं आणि कवच नळीत अडकू शकतं. पुढचा बार उडवणाऱ्याच्या तोंडावर.

परवान्याशिवाय काडतुसात फेरफार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. वाघाची शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच. आजोबांच्या पेटीत काडतुसं सापडली, तर हात न लावता ठाण्यात कळवा.