आइन्स्टाइनला ‘मागे टाकणारी’ मुलगी

‘मेन्सा’ या तल्लख बुद्धीच्या लोकांच्या संस्थेच्या परीक्षेत १६२ गुण मिळवून शाळकरी मुलीने आइन्स्टाइनला मागे टाकलं, ही पोस्ट अधूनमधून नव्या फोटोसह फिरते. पोरीचं कौतुक जरूर करा. पण आइन्स्टाइनने बुद्ध्यांक चाचणी दिल्याची नोंदच नाही. त्याच्या नावावर खपवलेला १६० हा आकडा निव्वळ अंदाजपंचे.

आणि १६२ म्हणजे तरी काय? ब्रिटनमधल्या कॅटेल थ्री-बी चाचणीत अठरा वर्षांखालच्यांना मिळू शकणारा तो कमाल आकडा, मोठ्यांना १६१. मेन्सात प्रवेश मिळतो वरच्या २ टक्क्यांत आलात तर. त्यासाठी कॅटेलवर १४८ लागतात, वेक्सलरच्या चाचणीत साधारण १३०. पट्टीच वेगळी, मग आकड्याला आकडा कसा लावणार? शिवाय तिथे ‘जीनियस’चा दाखला देत नाहीत, सभासदत्व देतात, तेही वर्गणी घेऊन.