‘दुर्बीण नाही, तर खगोलशास्त्र कसले?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘सोलापुरात राहून खगोलशास्त्र शिकता येते’ या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : इथल्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांपाशी मोठी दुर्बीण नाही, मुले वर्षभर दिव्यासमोर बसून कोन मोजतात आणि तेही सीनिअरच्या जर्नलवरून उतरवतात, याला खगोलशास्त्र म्हणणे ही धूळफेक आहे. शिवाय तो लेख वाचून आपल्या भाचीने अभियांत्रिकी सोडून बी.एस्सी.चा हट्ट धरला आहे. हा शेवटचा मुद्दा नसता तर चार ओळींत उत्तर दिले असते. एका मुलीच्या पाच वर्षांचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रीडिंग उतरवण्याची तक्रार खरी आहे, आणि त्या गुन्ह्यातला मी साक्षीदार नसून आरोपी आहे. ग्रेटिंगच्या (बारीक समांतर रेघा असलेल्या, प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या पट्टीच्या) प्रयोगात सोडिअमचा पिवळा प्रकाश किती कोनात वळतो ते मोजून त्याची तरंगलांबी काढायची होती. अंधाऱ्या खोलीत टॉर्च धरून व्हर्निअर (कोन मोजण्याची बारीक मोजपट्टी) वाचण्याचा कंटाळा आला, म्हणून पुस्तकातले 589.3 नॅनोमीटर हे उत्तर घेऊन उलटे गणित केले आणि जर्नलमध्ये कोन लिहून टाकला : 20 अंश 21 मिनिटे 57 सेकंद. सरांनी पान पाहिले आणि मान वर न करता विचारले, ‘‘या स्पेक्ट्रोमीटरचा लीस्ट काउंट किती?’’ तो, म्हणजे त्या यंत्रावर मोजता येणारा सर्वांत लहान कोन, होता 30 सेकंद. त्या यंत्रावर 57 सेकंद हे रीडिंग येणेच शक्य नव्हते. पान फाटले, प्रयोग पुन्हा करावा लागला.

त्या दुसऱ्या खेपेला मी पहिल्यांदा नीट पाहिले. सोडिअमचा दिवा लावल्याबरोबर पिवळा होत नाही. आधी तांबूस-गुलाबी पेटतो आणि काही मिनिटांनी पिवळ्यावर येतो. फट अरुंद करत गेलो, दुर्बिणीची नळी फिरवत दुसऱ्या क्रमापर्यंत (ग्रेटिंगमुळे बाजूला पडणाऱ्या दुसऱ्या वर्णपटापर्यंत) नेली, तेव्हा आतापर्यंत एकच वाटणारी रेषा दोन झाली : एक 589.0 नॅनोमीटरची, दुसरी 589.6 ची. इंचाला 15,000 रेघा असलेल्या त्या ग्रेटिंगवर पहिल्या क्रमात या दोघींमधले अंतर जेमतेम सव्वा मिनिटाचे असते, दुसऱ्यात ते साडेतीन मिनिटांच्या जवळ जाते.

दिव्यासमोर बसण्याचा आकाशाशी काय संबंध, या आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परिसरात आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची वाट विजापूरवरून गेली होती, म्हणजे सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवरून. विजापुरात कॅप्टन हेग, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि तिकडे गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारे वर्णपटदर्शक लावून बसले होते. हर्शेल यांना सूर्यबिंबाच्या कडेवरच्या ज्वालांमध्ये तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागीच पडतात, त्यामुळे मधली रेषा सोडिअमचीच असावी, असे वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात ती 587.6 नॅनोमीटरवर, म्हणजे सोडिअमच्या जवळच्या रेषेपासून 1.4 नॅनोमीटर दूर होती, आणि एवढ्याशा फरकातून हेलियम हे मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्यापूर्वी सूर्यावर सापडले. (इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी हा शोध विजयदुर्गावरून लावला, असे आपल्याकडे हौसेने सांगितले जाते, परंतु त्यांनी ही रेषा 1868 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून पाहिली. विजयदुर्गावर ते आले 1898 च्या ग्रहणाला.) आता हिशेब पाहा : आपण ज्या दिव्याची थट्टा केली आहे, त्याच्यासमोर बसलेला विद्यार्थी 0.6 नॅनोमीटरचा फरक वेगळा करून दाखवतो. हेलियमच्या कहाणीला याच्या दुप्पट ढोबळ नजर पुरली असती.

दुर्बिणीबद्दल फार लिहीत नाही. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमधील 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी घेतलेली निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. ती समजण्यासाठी लागतात ते फूरिए रूपांतर (लहर तिच्या साध्या घटकांत फोडण्याचे गणित) आणि विद्युतचुंबकत्व, आणि हे दोन्ही विषय आपल्याला रटाळ वाटलेल्या अभ्यासक्रमातच आहेत. पुण्यातील आयुका किंवा एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थांत पीएच.डी.साठी जाणाऱ्याला मुलाखतीत तारकासमूहांची नावे विचारत नाहीत, यामिकी (मेकॅनिक्स) आणि पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) विचारतात.

नोकरीच्या बाबतीत मात्र आपली काळजी रास्त आहे आणि माझ्या लेखात तिचा उल्लेख नव्हता, ही माझी चूक. संशोधनाच्या जागा थोड्या आहेत आणि पीएच.डी. संपेपर्यंत बरोबरीची मुले घरे घेऊन मोकळी झालेली असतात. अभियांत्रिकी केल्याने ही वाट कायमची बंद होते असेही नाही, बी.टेक. झालेले विद्यार्थीही पुढे खगोलशास्त्राकडे वळतात, फक्त पदार्थविज्ञानाचा राहिलेला अभ्यास त्यांना स्वतःच्या बळावर भरून काढावा लागतो. लेखाचे शीर्षक मी आज बदलले आहे; ‘शिकता येते’ऐवजी ‘शिकायला सुरुवात करता येते’ असे केले आहे.

भाचीला प्रवेशाआधी एकदा ओळखीच्या प्राध्यापकांच्या परवानगीने प्रयोगशाळेत न्यावे आणि त्या अंधाऱ्या खोलीत अर्धा तास व्हर्निअर वाचू द्यावे. कंटाळली तर आपले काम झाले. दुसऱ्या क्रमातल्या दोन रेषा पाहून तिने ‘‘मग तिसऱ्या क्रमात किती लांब जातील?’’ असे विचारले, तर उत्तर सांगू नये. या ग्रेटिंगवर सोडिअमचा तिसरा क्रम दिसतच नाही. का, ते कागदावर तिचे तिला काढू द्यावे.