स्वतःच्याच रानात कॅम्पर लावून राहायचंय? मग हे वाचाच

आयडिया लय भारी आहे भावा. घर बांधत कोण बसतंय, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आत बेड नि शेगडी, टपावर सोलर, आणि नेऊन लावायची कोल्हापूरजवळच्या आपल्या वाटणीच्या सोळा गुंठ्यात. सातबारा आपला, गाडी आपली, विचारतंय कोण?

सगळे विचारतात.

फार्महाऊस हा शब्द तर तोंडातून काढूच नका. जमीन महसूल संहिता 1966, कलम 41, शेतघराला किमान 0.4 हेक्टर लागतं, म्हणजे एक एकर, आणि भावकीत वाटण्या होऊन तुमच्याकडं अर्धा एकर पण धड राहिलेला नाही. मग एनए, म्हणजे जमीन बिगरशेती करा म्हणतील. एनए म्हटलं की प्लॅन आला आणि प्लॅनवर पाया दाखवायला लागतोय, तिथं बिनधास्त चार टायरांचं चित्र काढून द्या. गाव 2017 च्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणातल्या 42 गावांत असलं तर अजून एक टेबल वाढलं, तेवढाच जनसंपर्क. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं बरं का, काम लवकर होतंय असं नाही पण माणूस खूश होतोय.

घरगुती मीटर मागायला गेलात की घरफाळ्याची पावती आणा म्हणतील, घरफाळा भरायला गेलात की घर कुठाय म्हणतील, आणि पावसाळ्यात चाकं रुतू नयेत म्हणून खाली चार विटा लावल्या की मात्र ते लगेच बांधकाम. विटा काढा, दुसरं काय.

शेजारच्या रानात ऊसतोडवाले दिवाळीपासनं पोराबाळांसकट पालात राहतात, त्यांना कोण एनए विचारत नाही, कारण तो ऊस वेळेत कारखान्याला जायचा असतोय. तुम्ही पण चार सऱ्या ऊस लावून बघा.

नाहीतर सरळ पर्यटक व्हा. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 लाच आलंय, गाडीत झोपणाऱ्याला प्रोत्साहन वगैरे आहे, फक्त झोपणारा पाहुणा पाहिजे, मालक नको. शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, दोन वाट्या तांबडा-पांढरा वरपायचा, रात्री स्वतःच्या रानात परत यायचं आणि कोण आलंच तर पन्हाळा किती लांब हो म्हणून विचारायचं.

पुराचं तेवढं बघा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 43 फुटाला, म्हणजे धोक्याच्या पातळीला गेलं की गाडी हायवेला काढू असं म्हणत असाल तर 2019 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्यात होता. गाडी बुडाली तर पंचनाम्यात घर नाही म्हणून नाव नाही, आणि विमावाला विचारणार, गाडीत मिक्सर कशाला ठेवलावता?