वाडा सिमेंटने पक्का होत नाही

पावसाळा सरला की ओल आलेल्या भिंतींचे फोटो आणि त्याखाली एक सल्ला गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतो: ‘जुन्या वाड्याला, देवळाला ओल येते कारण चुना कच्चा. खरवडून सिमेंटचा गिलावा करा, दर्जा (दगडा-विटांमधल्या सांधी) सिमेंटने भरा, नाहीतर सरळ दगड उघडा ठेवा. पन्नास वर्षं बघायला नको.’ हेतू चांगला असेल, पण या सल्ल्याने वास्तू हातच्या जातात.

‘सिमेंट पाणी अडवतं.’ अडवतं, पण भिंतीच्या आत. जुन्या वाड्यांच्या पायात ओल रोखणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीची ओल वर चढणारच. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ होऊन निघून जाते. वाट बंद केली की ती आणखी उंच चढते, आणि बरोबर क्षारही. आमच्या आत्याच्या वाड्यात ठेकेदाराने पडवीच्या भिंतीला सिमेंट केलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज. गिलावा परातीएवढ्या खपल्यांनी सुटला तो विटांची साल घेऊनच. मागे लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, आणि विटांचा भुगा. तळखड्यावरच्या (दगडी बैठकीवरच्या) सागवानी खांबाचा बुंधा इतका मऊ झाला होता की कुलपाची किल्ली सहज आत रुतली. त्या खांबाने चार पिढ्या माळा पेलला होता.

‘सिमेंट जास्त मजबूत.’ तीच तर अडचण आहे. दर्जेतला माल दगडा-विटेपेक्षा मऊच हवा. भिंत उन्हा-पावसात किंचित हलते, तो ताण मऊ चुना सोसतो. बारीक चिरा गेल्या तरी त्यात झिरपणाऱ्या पाण्याबरोबर चुना विरघळून पुन्हा जमतो आणि त्या बुजतात. दर्जा कडक केल्या की ताण विटेवर येतो आणि वीट फुटते. दर्ज पुन्हा भरता येते, वीट मात्र गेली ती गेलीच.

‘तेव्हा सिमेंट नव्हतं म्हणून चुना.’ पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 चं, हे खरं. पण चुना म्हणजे नाइलाज नव्हता. कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना भिजवून मुरवायचा, दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, जिथे पाणी लागतं तिथे विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घालायची, असं ते पूर्ण शास्त्र होतं. अनेक किल्ल्यांवर घाणीचं दगडी चाक अजून पडलेलं दिसतं.

‘दगड उघडा ठेवा, तेच मूळ रूप.’ जुन्या गोव्याचं बॉम जेझूस चर्च बघा. 1605 साली पूर्ण झालेली ही जांभ्याची इमारत चुन्याच्या गिलाव्याखाली होती. विसाव्या शतकाच्या मध्याला तो काढला. आज लोक तांबड्या भिंतींचे फोटो काढतात आणि गोव्याचा पाऊस तो सच्छिद्र जांभा झिजवतो.

‘कारागीर मिळत नाहीत, खर्च जास्त.’ शोधावे लागतात, मजुरीही जास्त पडते, आणि भर पावसात हे काम होत नाही. मान्य. पण आत्याकडे आधी सिमेंट करण्याचा खर्च झाला, मग ते काढण्याचा, विटा बदलण्याचा, आणि शेवटी चुन्याचा. गवंड्याला एवढं मात्र बजावा की चुन्यात ‘मूठभर सिमेंट’ टाकायचं नाही.

पडवीचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. पहिला थर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारून ओला ठेवतोय. अजून नखाने दाबलं तर खूण उमटते.