उसन्या मिक्सरवर राज्य कसं चालवावं

तुमच्या मालकीचं एखादं राज्य असेल आणि त्याचं सार्वभौमत्व झेपेनासं झालं असेल, तर बडोद्याला या. दांडिया बाजारात आम्ही या कामाचा दोनशे वर्षांचा अनुभव बाळगून बसलोय.

आधी फौजेचा पगार थकवा. इथे १८०२ मध्ये अरब शिबंदीचा थकला होता. शिवाय दरबारानं सावकारांना दिलेल्या शब्दाला हे अरबच जामीन राहत. त्याला ‘बहांदारी’ म्हणत. मग ईस्ट इंडिया कंपनी मदतीला धावली. पैसे उभे केले, अरबांना वाटेला लावलं आणि बहांदारी स्वतःकडे घेतली. किती सोज्वळ काम! सावकार निर्धास्त, महाराज निर्धास्त; फक्त दरबारात कोण कोणाला काय देणं लागतो, यात रेसिडेंट साहेबांना, म्हणजे दरबारी बसलेल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीला, नाक खुपसायची सोय झाली.

१८०५ चा तह तर पाठच करा. कंपनीची फौज आपल्या रक्षणाला ठेवायची, तिच्या खर्चासाठी वर्षाला ११ लाख ७० हजारांचा वसूल देणारे परगणे तोडून द्यायचे (धोळका, नडियाद वगैरे, काही खडकाळ माळ नव्हे), आणि बाहेरच्या राज्यांशी बोलायचं ते कंपनीमार्फत. गादी मात्र तुमचीच. तिला कोणी हात लावत नाही. लावलाच तर रीतसर चौकशी करून. मल्हारराव महाराज गायकवाडांवर रेसिडेंटला विष घालण्याचा आरोप आला, तेव्हा १८७५ मध्ये सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज म्हणाले दोषी, तिघा हिंदी सभासदांना ते पटलं नाही. बरोबरी! मग महाराजांना गैरकारभारासाठी काढलं.

हल्ली एवढा खटाटोप लागत नाही, टक्के पाठवले की भागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर आधी २५ टक्के आयातशुल्क लावलं, मग रशियाचं तेल घेता म्हणून वर आणखी २५. झळ बसली सुरतेच्या रत्नकलाकाराला, म्हणजे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिराला, ज्यानं जन्मात तेलाचं पिंप विकत घेतलेलं नाही.

हे फार लांबचं वाटत असेल तर आमच्या काकूंकडे चला. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा मिक्सर जळाला. समोरच्या बेननी लगेच आपला आणून दिला. “राखो ने, कशो वांधो नथी.” बेन जैन, भांड्याला लसूण लागू नये एवढीच अट, तीही हसत हसत. काकूंनाही ती रास्त वाटली. पुढच्या आठवड्यात कांदा गेला. मग बटाटा, जो मिक्सरमध्ये जातसुद्धा नाही.

काल मी विचारलं, बटाट्याची भाजी बंद का? काकूंनी ओट्यावरच्या मिक्सरकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“कोणी सांगितलं म्हणून नाही हं. आमचं धोरणच बदललंय.”