लाल दिवा लागला म्हणजे मशीन गेलं, असं नसतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

राउटरच्या दिव्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की दिव्यांचा अर्थ लावत बसणं हे सामान्य माणसाचं काम नाही. नेट गेलं तर राउटरचं मशीन बंद करून चालू करावं, नाही आलं तर मागचं रिसेट दाबावं, तरीही नाही तर लाइनमनला फोन करावा. वेंगुर्ल्याजवळच्या तुमच्या घरी पावसाळ्यात लाल दिवा लागला, लाइनमनने मशीन बदललं आणि नेट सुरू झालं. म्हणजे मशीनच खराब होतं, दिवे बघून काय मिळालं असतं? आणि शेवटी लिहिलंत, ‘शहरात तासाभरात माणूस येतो, आमच्याकडे चार-चार दिवस फिरकत नाही. तुमचे लेख आम्हाला काय कामाचे?’

लाइनमन चार दिवस येत नाही हे खरंच आहे, आणि दिवे वाचता यायला हवेत असं मी म्हणतो ते त्यासाठीच. शहरात मोघम तक्रार चालून जाते. ‘नेट बंद आहे’ एवढं सांगितलं तरी माणूस येतो, बघतो, काही आणायचं राहिलं असेल तर दुपारी पुन्हा येतो. आपल्याकडे एकेका लाइनमनच्या गळ्यात कितीतरी वाड्या असतात, मध्ये घाटी, खाडी, पऱ्ह्या. त्याची एक फेरी फुकट गेली की आपले दोन दिवस गेलेच म्हणून समजा. येताना स्प्लायसिंग मशीन (तुटलेली फायबर जोडायचं यंत्र) घ्यायचं, नुसती पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी वायर) घ्यायची, की मुळात यायचीच गरज नाही, हे त्याला निघण्याआधी कळलं पाहिजे. ते सांगू शकणारा माणूस त्या डब्यासमोर उभा असतो, म्हणजे आपण.

आता तुमच्या लाल दिव्याबद्दल. त्यावर एलओएस असं लिहिलेलं असतं. लाइनमन त्याला ‘लॉस आलाय’ म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की फायबरमधून, म्हणजे घरात येणाऱ्या काचेच्या बारीक वायरीतून, येणारा प्रकाश मशीनपर्यंत पोचत नाही किंवा फार कमी पोचतो. म्हणजे तो दिवा वायरीबद्दल बोलतो, मशीनबद्दल नाही. प्रकाश येत नाही हे ज्या मशीनला कळतंय, ते मशीन बहुतेक वेळा धडधाकट असतं.

तो प्रकाश किती थोडा असतो हे एकदा लक्षात आलं, की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. घरोघरी येणाऱ्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) फायबरमध्ये आपल्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि आपल्याकडून जाणारा १३१० चा, एकाच काचेच्या धाग्यातून. ताकद मोजतात डीबीएममध्ये, उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे २० डीबीएम म्हणजे १० मायक्रोवॅट. सर्रास वापरात असलेल्या प्रकारची मशीन उणे २७ पर्यंत, म्हणजे साधारण २ मायक्रोवॅटपर्यंत काम करतात. त्याखाली लाल दिवा. घट मोजतात डेसिबलमध्ये, दर ३ डेसिबल गेले की प्रकाश निम्मा. एका फायबरमधून ३२ घरांना वाटणी करणारा स्प्लिटर स्वतःच १७ च्या आसपास डेसिबल खातो. एक किलोमीटर फायबर खातं जेमतेम पाव ते एक तृतीयांश डेसिबल. म्हणजे एक्स्चेंज (कंपनीचं केंद्र) लांब आहे म्हणून सिग्नल येत नाही, ही समजूत फारशी खरी नाही. प्रकाश मरतो तो घराच्या आसपास : कपाटामागे दुमडलेल्या वायरीत, माडाला घासून सोललेल्या केबलमध्ये, धूळ बसलेल्या कनेक्टरमध्ये.

तुमच्याकडे मशीन बदलल्यावर नेट आलं, हे मी मुळीच नाकारत नाही. पण मशीन बदलताना लाइनमन काय करतो ते आठवून बघा. जुन्या मशीनमधून कनेक्टर काढतो, त्याचं टोक साफ करतो, वायरीचा दुमडलेला वेढा सोडवतो, नव्या मशीनमध्ये कनेक्टर टक् असा आवाज होईपर्यंत दाबतो. यातल्या कुठल्याही एका गोष्टीने तुमचा लाल दिवा गेलेला असू शकतो. मशीनच्या आतला प्रकाश टिपणारा भाग कधी कधी खरोखर जातो, विशेषतः वीज पडल्यावर. पण ते ठरवायला मीटर लावून वायरीत प्रकाश किती येतोय ते मोजावं लागतं. तसं मोजलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि न मोजता नवं मशीन घ्यायला लावणं मला पटत नाही. ते पैसे आपल्या खिशातून जातात.

गणपतीच्या आदल्या दिवसाचं एक उदाहरण देतो, कारण ते आमच्या शेजारच्याच घरातलं आहे. मखरासाठी जागा करायची म्हणून टीव्हीचं टेबल भिंतीला सरकवलं. टेबलावरच राउटर. संध्याकाळी मुंबईहून मंडळी उतरली, त्यातल्या दोघांना रात्री ऑफिसचं काम, आणि नेट बंद. लाल दिवा लुकलुकत होता. ‘मशीन गेलं’ असा निकाल लागून रिसेटसाठी टाचणी शोधायलाही सुरुवात झाली होती. टेबल पुढे ओढलं तर मागे ती पांढरी बारीक वायर भिंत आणि टेबलाच्या कडेमध्ये चेपून अगदी काटकोनात वळलेली. वायर सरळ केली, बांगडीएवढा सैल वेढा ठेवला. लाल दिवा गेला, शेजारचा हिरवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. टाचणी लागलीच नाही.

कनेक्टरबद्दलही इथेच सांगतो, कारण मागच्या लेखात ते अपुरं राहिलं असं मला वाटतं. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं तिरकं नसतं. हिरवा निळ्या खाचेत बसतो, पण काचेला काच नीट टेकत नाही आणि प्रकाश तिथेच वाया जातो. म्हणून खाचेचा आणि कनेक्टरचा रंग एक हवा. टोक शर्टाने पुसू नका, तोंडाने फुंकर मारू नका. किनाऱ्यावरच्या हवेत मीठ आणि दमटपणा आधीच भरपूर असतो. आणि काढलेल्या कनेक्टरमध्ये डोळा घालून ‘लाइट येतोय का’ ते कधीही बघू नका. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यातही नाही. दिसत नाही म्हणून निरुपद्रवी असं धरून चालू नये. लाइनमन जो लाल प्रकाश सोडून तुटलेली जागा दाखवतो तो वेगळ्या हत्याराचा असतो.

पॉन नावाचा हिरवा दिवा स्थिर असेल तर एक्स्चेंजशी जोडणी झाली. लाल विझलेला पण पॉन नुसताच लुकलुकतोय, म्हणजे प्रकाश येतोय पण पलीकडचं यंत्र आपल्या मशीनला ओळखत नाही. मशीनचा सीरियल नंबर तिकडे नोंदवलेला असावा लागतो. कोणी ऑनलाइन स्वस्तात मशीन मागवून लावलं की हेच होतं. त्याला लाइनमन नको, ऑफिसमधून नोंद करून घ्यावी लागते, आणि ते काम फोनवर होतं.

पॉन स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा लाल आहे, तर आधी रिचार्ज बघा. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. रिचार्ज केल्यावर बऱ्याचदा मशीन एकदा बंद-चालू करावं लागतं. वीज ये-जा करत असेल तर आणखी एक होतं : आपलं जुनं लॉगिन सर्व्हरवर काही मिनिटं तसंच अडकून राहतं आणि नवं नाकारलं जातं. अशा वेळी घाईने दहा वेळा बटण दाबण्यापेक्षा मशीन दहा मिनिटं बंद ठेवून मग लावलं तर काम होतं. बंद-चालू करण्याच्या तुमच्या सल्ल्याला माझा विरोध नाही, तो इथे अगदी योग्य आहे.

विरोध आहे तो रिसेटला, आणि तो ठाम आहे. बंद-चालू केल्याने मशीन तेच राहतं. टाचणीने ते बारीक छिद्र दहा सेकंद दाबलं की त्यात भरलेलं सगळं पुसलं जातं : लॉगिनचं नाव, पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा (जोडणीसाठी कंपनीने दिलेला क्रमांक), वायफायचं नाव. तुटलेली वायर रिसेटने जोडली जात नाही. उलट वायर जोडून झाल्यावरही नेट येत नाही, कारण आता मशीन कोरं आहे, आणि लाइनमनला दुसरी फेरी. जिथे माणूस चार दिवसांनी येतो तिथे हे आठ दिवसांचं दुखणं होऊन बसतं. तुम्ही प्रतिक्रियेत ते बटण सगळ्यांना सुचवलंत, आणि तुमची प्रतिक्रिया बरेच जण वाचतील, म्हणूनच हे उत्तर इतकं लांबवतोय. कृपया ते सुचवू नका. ज्याच्याकडे लॉगिन आणि पासवर्ड लिहून ठेवलेले आहेत आणि ते परत भरता येतात, त्याची गोष्ट वेगळी.

सगळेच दिवे एकदम विझून पुन्हा लागतात, असं दर थोड्या वेळाने होत असेल, तर संशय अडॅप्टरवर घ्या. समुद्राजवळच्या घरांत पिनेवर हिरवट थर चढतो, ती पकड सैल होते. अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो. किती अँपिअर ते मशीनच्या पोटावरच्या लेबलवर बघून तेवढ्याचाच किंवा जास्तीचा घ्या, कमी अँपिअरचा नको. आणि मे महिन्यातल्या वळिवाला, तसंच परतीच्या पावसात गडगडायला लागलं की अडॅप्टर बोर्डातून काढा. काचेचा धागा वीज वाहत नाही, पण केबलला आधार म्हणून असलेली पोलादी तार वाहते. ती तार घराबाहेरच थांबलेली असावी, मशीनपर्यंत आणू देऊ नका. शेजारच्या घरात लांबवर लॅन केबल (राउटरमधून नेट पुढे नेणारी वायर) ओढली असेल तर तीही काढून ठेवा. विजेनंतर चार लॅनपैकी एकाचाच दिवा कायमचा गेला असेल तर तेवढं पोर्ट जळलं आहे, केबल दुसऱ्यात लावून बघा.

वायफायचं थोडक्यात. सगळे दिवे ठीक, पडवीत नेट नाही : हा चिऱ्याच्या भिंतींचा प्रश्न आहे. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरून बसतो, त्यातून वायफायचा ५ गीगाहर्ट्झचा पट्टा फारसा पार होत नाही. मागच्या खोल्यांत २.४ वर जोडा, नाहीतर लॅन केबल टाकून दुसरा राउटर लावा. यासाठी तक्रार नोंदवून उपयोग नाही.

लाल दिव्याची तक्रार करताना शेजारी विचारून घ्या. वाडीत सगळ्यांकडेच लाल असेल तर दोष स्प्लिटरपासून घरापर्यंतच्या वायरीत नाही, मुख्य केबल तुटली आहे. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला निसर्ग वादळ धडकलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत झाडं नि खांब आडवे झाले, अशा वेळी घरातल्या वायरीत काही शोधणं व्यर्थ. फक्त तुमच्याकडे लाल असेल तर खांबापासून घरापर्यंतची केबल डोळ्यांखालून घाला. झावळ पडलीय का, माकडांनी ओढलीय का, पोफळीला बांधलेली जागा काचलीय का. बघायचं फक्त, विजेच्या खांबाला हात लावायचा नाही.

आणि तक्रार करताना मशीन चालू ठेवा. हे फार कमी लोकांना माहीत आहे. वीज जाते त्या क्षणी बहुतेक मशीन एक्स्चेंजला शेवटचा एक निरोप पाठवतात, की माझी वीज गेली. त्यामुळे तिकडे बसलेल्या माणसाला वायर तुटली की ग्राहकाचं मशीन बंद, हे दिसतं. आपण वैतागून मशीन बंद करून ठेवलं तर त्याच्या पडद्यावर ‘ग्राहकाकडे वीज नाही’ असं दिसतं आणि तक्रार मागे पडते. फोनवर एवढंच बोला : ‘पॉन बंद, एलओएस लाल लुकलुकतोय, मशीन चालू आहे, शेजारी नेट आहे, वायर पोफळीजवळ लोंबतेय.’ हे ऐकलेला लाइनमन स्प्लायसिंग मशीन घेऊनच निघतो.

तुमचं आता नेट सुरू आहे, तेव्हा एक करा. मशीनच्या लेबलवर लिहिलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका, तिथलंच नाव-पासवर्ड भरा आणि ऑप्टिकलच्या पानावर आरएक्स पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) किती दाखवतंय ते बघा. उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे २५-२६ असेल तर नवं मशीनही या पावसाळ्यात लाल दाखवू शकेल, आणि खांबावरचा जोड पाऊस लागायच्या आत तपासून घ्यायला हवा. आकडा इथेच खाली लिहा, लाइनमनला काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू. आणि जुनं मशीन अजून घरात असेल तर टाकून देऊ नका.