पॅसिव्ह इक्वलायझर खरोखर ‘वाढवतो’ का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणात पॅसिव्ह इक्वलायझर (आवाजातल्या निवडक वारंवारता कमी-जास्त करणारी, पण फिल्टरच्या भागात ॲम्प्लिफायर नसलेली पेटी) कसा वापरावा, या माझ्या लेखावर आपण इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विद्युत उपकरणांच्या चाचणीचे काम करत असल्याचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून सर्किटचा तपशील न टाळता उत्तर देतो. आपले आक्षेप तीन आहेत. ज्या सर्किटमध्ये फक्त रेझिस्टर, कपॅसिटर आणि कॉइल आहेत ते कोणतीही वारंवारता वाढवू शकत नाही, तेव्हा ‘६० हर्ट्झ वाढवा’ हे माझे वाक्य भौतिकशास्त्राला धरून नाही, हा पहिला. एकाच वारंवारतेवर बूस्ट (वाढ) आणि कट (घट) एकदम लावले तर दोन्ही एकमेकांना खोडून काढणार, हा दुसरा. आणि संगणकातला प्लगइन (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) जे काम करतो त्यासाठी जुन्या पेटीचे गुणगान करून मी नाशिकच्या होतकरू मुलांना खर्चात पाडतो, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपातले भौतिकशास्त्र निर्विवाद आहे. पॅसिव्ह सर्किट शक्ती निर्माण करू शकत नाही. परंतु पॅसिव्ह इक्वलायझरच्या नॉबवर जे ‘बूस्ट’ लिहिलेले असते, त्याची मोजणी आत आलेल्या सिग्नलशी तुलना करून होत नाही. ती सर्व नॉब शून्यावर असताना बाहेर पडणाऱ्या सिग्नलशी तुलना करून होते. तो बाहेर पडणारा सिग्नल आधीच बराच खाली उतरवलेला असतो. पल्स टेक्निक्स या अमेरिकन कंपनीने १९५१ साली बाजारात आणलेल्या आणि पल्टेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाचे उदाहरण घेतो, कारण आजचे बहुतेक पॅसिव्ह प्लगइन त्याच्याच नकला आहेत. त्याचा पॅसिव्ह भाग सरळ रेषेत ठेवला तरी सुमारे १६ डेसिबल खातो, म्हणजे आत एक व्होल्ट दिला तर बाहेर साधारण ०.१६ व्होल्ट मिळतो, आणि हे सगळ्या वारंवारतांना सारखेच लागू असते. घरमालकाने सर्व भाडेकरूंकडून सारखी अनामत घ्यावी आणि मग एखाद्यालाच त्यातली बरीचशी परत करावी, तसा हा व्यवहार आहे. खर्जाचा बूस्ट पूर्ण फिरवला की खालच्या वारंवारतांना सुमारे १३.५ डेसिबल परत मिळतात. म्हणजे त्यांचा तोटा १६ वरून अडीचवर येतो, पण तोटा राहतोच. त्यानंतरचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर सर्वांना सारखेच सुमारे १६ डेसिबल वर उचलतो, त्यामुळे बाकीच्या वारंवारता मूळ पातळीवर येतात आणि खर्ज त्यांच्या वर राहतो. कानाला जे ऐकू येते त्याला ‘६० हर्ट्झ वाढला’ असे म्हणणे या अर्थाने योग्य आहे, आणि माझ्या लेखातले वाक्य मी तसेच ठेवतो.

हा परतावा सर्किटमध्ये कसा मिळतो, ते पाहिले की दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आपोआप हाती येते. खर्जाच्या विभागात कॉइल नाही. तिथे फक्त रेझिस्टर आणि कपॅसिटर आहेत. आधी सांगितलेला तोटा घडवणारा विभाजक म्हणजे सिग्नल दोन फांद्यांत वाटणारी रेझिस्टरची जोडी. त्याच्या खालच्या, म्हणजे अर्थिंगकडे जाणाऱ्या फांदीत बूस्टचा पोटेन्शिओमीटर (नॉबने बदलणारा रेझिस्टर) असतो आणि त्याला समांतर एक कपॅसिटर. वरच्या वारंवारतांना तो कपॅसिटर जवळजवळ शॉर्टसारखा वाटतो, त्यामुळे त्यांच्यासाठी पोटेन्शिओमीटर असून नसल्यासारखा होतो. खालच्या वारंवारतांना कपॅसिटर अडवतो, म्हणून त्यांना पोटेन्शिओमीटरचा पूर्ण रेझिस्टन्स दिसतो, खालची फांदी जड होते आणि विभाजकाचा तोटा तेवढ्यापुरता घटतो. कटचा नॉब मात्र सिग्नलच्या मार्गात सिरीजमध्ये बसवलेल्या दुसऱ्याच कपॅसिटरला समांतर आहे. त्याचा रेझिस्टन्स वाढवला की खर्जाला त्या कपॅसिटरमधूनच जावे लागते आणि तो अडतो.

म्हणजे बूस्ट आणि कट ही एकाच नॉबची दोन टोके नव्हेत. दोन वेगळे कपॅसिटर, दोन वेगळे पोटेन्शिओमीटर आणि सर्किटमधल्या दोन वेगळ्या जागा. निवडीचा स्विच दोन्हींना एकत्र फिरवतो, त्यामुळे पॅनेलवर एकच ‘६०’ दिसतो. परंतु दोन वक्र जिथून वळू लागतात त्या वारंवारता एक नाहीत. कटचा वक्र बूस्टच्या वक्रापेक्षा वरपर्यंत पसरतो. दोन्ही एकत्र लावले तर अगदी खाली फुगवटा राहतो आणि त्याच्या वरच्या अंगाला, काही शे हर्ट्झच्या पट्ट्यात, एक खड्डा पडतो. बेरीज शून्य तेव्हाच झाली असती, जेव्हा दोन्ही वक्र एकमेकांची अचूक उलट प्रतिमा असते. आपल्या बाजूने एवढे नमूद करायला हवे की मूळ उपकरणाच्या पुस्तिकेतही खर्जाला बूस्ट आणि कट एकदम लावू नये असाच सल्ला होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तो मानला नाही, आणि पुढे हीच त्या उपकरणाची सर्वांत प्रसिद्ध वापरपद्धत झाली.

ढोलाच्या संदर्भात मी नेमका हाच खड्डा सुचवला होता. नाशिक ढोलाच्या पथकाचे मुद्रण केलेल्या कोणालाही ठाऊक आहे की अडचण खर्जाच्या अभावाची नसते. थापेचा खर्ज भरपूर असतो, परंतु त्याच्या लगेच वरच्या पट्ट्यात दहा-वीस ढोलांची पिंपे एकाच वेळी घुमतात आणि टिपरूचा आघात त्या घुमण्यात बुडतो. नुसता खर्ज वाढवला तर ते घुमणेही वाढते, कारण साध्या शेल्फ-फिल्टरचा, म्हणजे एका वारंवारतेखालचे सगळेच उचलणाऱ्या फिल्टरचा, उतार हळुवार असतो. नुसता मधला पट्टा कापला तर ढोल पातळ वाटू लागतो. ६० वर बूस्ट साधारण चारवर आणि कट तीनवर ठेवला की दोन्ही कामे एका हालचालीत होतात. हे आकडे नॉबवरच्या शून्य ते दहाच्या खुणा आहेत, डेसिबल नाहीत. ताशाला मात्र या पेटीचा वरचा बूस्ट लावू नये असे माझे मत आहे. तिथे आधीच पुरेसा कर्कशपणा असतो. उलट १० किलोहर्ट्झचा कट थोडा दिला तर तासाभराचे मुद्रण ऐकणे सुसह्य होते.

वरच्या विभागात मात्र कॉइल आहे. तिथे कॉइल आणि कपॅसिटर सिरीजमध्ये अनुनाद साधतात आणि निवडलेल्या वारंवारतेला विभाजक ओलांडून जाण्याची वाट करून देतात. त्या वाटेतला बँडविड्थचा (शिखराची रुंदी ठरवणारा) रेझिस्टन्स वाढवला की शिखर रुंद होते आणि त्याच वेळी बुटकेही होते. त्यामुळे गायनावर १२ किलोहर्ट्झ रुंद करून लावताना नॉब बराच पुढे न्यावा लागला तरी घाबरण्याचे कारण नसते.

आता एका मुद्द्यावर मी आपल्यापेक्षाही कडक भूमिका घेतो. पॅसिव्ह इक्वलायझर फेज (वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींचा आपसातला वेळेचा मेळ) बिघडवत नाही, किंवा त्यात अजिबात विरूपण होत नाही, असे बरेच विक्रेते सांगतात. ते खरे नाही. अशा प्रकारच्या सर्किटमध्ये वक्राचा आकार ठरला की फेजही ठरते. तोच वक्र ऑप-ॲम्प (ॲम्प्लिफायरची तयार चिप) वापरून काढला तर फेजही तीच मिळेल. विरूपणाचे म्हणाल, तर लोखंडी गाभ्याची कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर मोठ्या पातळीच्या खर्जाला संपृक्त होतात आणि नवे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले स्वर) जोडतात. काहींना ते आवडते, मलाही कधीकधी आवडते, परंतु त्याला शुद्धता म्हणता येत नाही. शिवाय कॉइल ही ॲन्टेनासारखीही वागते: शेजारच्या पॉवर सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुटणारे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र ती उचलते, म्हणून चांगल्या पेटीत तिच्याभोवती धातूचे कवच असते आणि स्वस्त पेटीत घूं असा आवाज असतो.

त्याच १६ डेसिबलच्या तोट्याची किंमत दुसऱ्या बाजूनेही मोजावी लागते. उतरलेला सिग्नल पुन्हा वर आणणारा ॲम्प्लिफायर स्वतःचा हिसही तेवढाच वर आणतो. काही जण ॲम्प्लिफायर नसलेली नुसती पॅसिव्ह पेटी बनवून घेतात आणि तिच्यानंतर मायक्रोफोनचा प्रीॲम्प जोडतात. हे चालते, पण इम्पीडन्सची (सिग्नलला होणाऱ्या विरोधाची) काळजी घेतली तरच. फिल्टरचा वक्र त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या उपकरणाच्या इम्पीडन्सवर अवलंबून असतो. ६०० ओहम गृहीत धरून आखलेले सर्किट दहा हजार ओहमच्या इनपुटला जोडले तर पॅनेलवरचे आकडे आणि प्रत्यक्षातले आकडे जुळत नाहीत.

खर्चाचा प्रश्न राहिला. घरातल्या खोलीत स्टुडिओ मांडणाऱ्या विद्यार्थ्याने अशी पेटी विकत घ्यावी, असे मूळ लेखात कुठेही म्हटलेले नाही, आणि विचारल्यास घेऊ नये असेच मी सांगेन. प्लगइनमध्ये तोटा आणि परतावा या दोन्ही गोष्टी खऱ्या अर्थाने घडत नाहीत. तिथे केवळ अंतिम वक्राचे गणित असते, आणि ते आज पुरेसे अचूक झाले आहे. ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुना-दराने (सेकंदाला ४४,१०० नमुने) काम करताना २२.०५ किलोहर्ट्झच्या मर्यादेजवळ काही प्लगइनचे वरचे वक्र आवळले जातात, एवढा फरक आढळतो. ओव्हरसॅम्पलिंग (आतले गणित अधिक नमुना-दराने करणे) चालू केले की तोही बहुतेक मिटतो. तरीही सर्किट समजून घेणे मला आवश्यक वाटते, कारण नक्कल केलेल्या नॉबचे वागणे मूळ सर्किटवरूनच ठरलेले असते. मॅन्ली या कंपनीच्या मॅसिव्ह पॅसिव्ह या इक्वलायझरमध्ये सर्व पट्टे समांतर जोडलेले आहेत, म्हणून दोन पट्ट्यांना एकाच वारंवारतेवर २० डेसिबल दिले तरी ४० होत नाहीत. सर्किट माहीत नसलेला माणूस अशा वेळी प्लगइन बिघडला असे समजतो.

दुसऱ्या आक्षेपाची शहानिशा करण्यासाठी आपल्याला काहीच विकत घ्यावे लागणार नाही. पल्टेकची नक्कल करणारा एखादा मोफत प्लगइन घ्यावा, त्यातून पिंक नॉइज (सर्व सप्तकांत सारखी ऊर्जा असलेला चाचणीचा खळखळाट) सोडावा आणि पुढे स्पेक्ट्रम ॲनालायझर (वारंवारतांचा आलेख दाखवणारे साधन) लावावा. प्रथम ६० वर फक्त बूस्ट पाचवर, मग फक्त कट पाचवर, आणि शेवटी दोन्ही एकत्र, असे तीन आलेख काढावेत. कानाने तुलना करायची झाल्यास आधी तिन्हींची पातळी मीटरवर सारखी करून घ्यावी, कारण अर्धा डेसिबल मोठे वाजणारेही बहुतेकांना अधिक चांगले वाटते. खड्डा दिसला नाही तर प्लगइनचे नाव आणि नॉबवरचे आकडे कळवावेत, म्हणजे मी इकडे त्याच मांडणीवर मोजून पाहीन.